दंशानंतरचा अवधी

चंदीगढच्या आराखड्याचे काम ल कार्बूझिए याने १९५१ साली हाती घेतले, तेव्हा या शहराची कल्पना त्याने मानवी देहाच्या रूपात केली होती. शासनाची केंद्रे हे मस्तक, सेक्टर १७ ची बाजारपेठ हे हृदय, हिरवळीचे पट्टे ही फुप्फुसे आणि रस्ते म्हणजे रक्तवाहिन्या. सुमारे ८०० मीटर रुंद व १२०० मीटर लांब असा प्रत्येक सेक्टर वाहत्या रस्त्यांकडे पाठ करून आतल्या बाजूला उघडतो. शाळा, दुकाने, दवाखाना ही सारी त्याच्या पोटात. अशा रचनेतून एखादा अवयव बांधून वेगळा काढावयाचा झाल्यास फारसे सायास पडत नाहीत. २०२० च्या उन्हाळ्यात सेक्टर ३० च्या बी भागाला याचा प्रत्यय आला. कोविडच्या साथीत हा भाग प्रतिबंधित क्षेत्र ठरला, रस्त्यांवर अडसर उभे राहिले, आत कोण जातो आणि बाहेर कोण येतो यावर पहारा बसला. याच सेक्टरच्या सी भागात केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संघटनेची प्रयोगशाळा आहे. त्याच वर्षी तिथे विद्युत्‌भारित फवाऱ्याने पृष्ठभाग निर्जंतुक करणारे यंत्र सिद्ध झाले. एकाच सेक्टरच्या एका अंगाला रोगाचे भय आणि दुसऱ्या अंगाला त्यावरचा उपाय, असे हे चित्र होते.

या पहाऱ्यामागे ज्या कायद्यांचा आधार होता त्यांपैकी एक मराठी वाचकाला अनोळखी नाही. साथरोग अधिनियम १८९७ सालचा. मुंबईच्या मांडवी भागात सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासियो व्हिएगस यांनी गाठीच्या तापाचे निदान केले, त्यानंतर काही महिन्यांत हा कायदा घाईने संमत झाला आणि पुण्यात त्याचा अंमल कसा झाला ते सर्वश्रुत आहे. मुंबई-पुण्याच्या भयातून जन्मलेला कायदा सव्वाशे वर्षांनी शिवालिकच्या पायथ्याशी उपयोगी पडावा, ही गोष्ट प्रशासनाच्या चिवटपणाची असेल. पण तीत एक नैतिक प्रश्नही दडलेला आहे. संकटाची सिद्धता करणारा समाज नेमकी कशाची सिद्धता करत असतो? आजारी माणसाला वाचविण्याची, की आजारी माणसापासून वाचण्याची?

हा प्रश्न सर्वांत नागव्या स्वरूपात पाहावयाचा असेल तर एका काल्पनिक संकटाकडे वळावे लागते. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने मे २०११ मध्ये नागरिकांसाठी एक मार्गदर्शन प्रसिद्ध केले. त्याचा विषय होता झॉम्बींचा, म्हणजे चालत्याफिरत्या प्रेतांचा, हल्ला. हेतू अर्थातच वादळ-भूकंपांसाठी लोकांना सज्ज करण्याचा होता आणि त्या दृष्टीने पाणी, अन्न, औषधे, प्रथमोपचाराची पेटी यांची यादी शहाणपणाचीच होती. मात्र पेटीविषयी लिहिताना एक गोष्ट थट्टेने सांगून टाकली होती : झॉम्बी चावला तर तुमचे काही खरे नाही, ही सामग्री साध्या जखमांसाठी. थट्टेत पुष्कळदा पुष्कळ काही उघड होते. ज्याच्यासाठी म्हणून पेटी भरली, त्या दंश झालेल्या माणसाचेच नाव तिच्यातून वगळले गेले.

झॉम्बीकथेचे सारे नीतिशास्त्र या वगळण्यावर उभे आहे. दंश झाला की माणूस संपला. पुढे जे उठून येते ते त्याचे शरीर, तो नव्हे. म्हणून भावाने भावावर, बापाने लेकीवर शस्त्र उगारले तरी ती हत्या ठरत नाही. मुळात हैतीच्या लोकश्रद्धेतला झॉम्बी कोणाला खाणारा नव्हता. इच्छाशक्ती हिरावून घेतलेला, मालकाच्या शेतात अखंड राबणारा तो गुलाम होता, आणि त्याच्याविषयीची मुख्य भावना करुणेची होती. १९६८ साली जॉर्ज रोमेरो याच्या चित्रपटाने त्याला आजचे हिंस्र रूप दिले. आपल्याकडील वेताळाशी त्याची तुलना केली तर फरक अधिक स्पष्ट होतो. वेताळही प्रेतातच वसतो. पण तो बोलतो, गोष्टी सांगतो, न्याय-अन्यायाचे पेच घालून राजाची परीक्षा घेतो. कोकण-गोव्यात तर तो गावाची राखण करतो. भाषा शाबूत असलेल्या प्रेताशी माणसाचे नाते तुटत नाही. झॉम्बीला भाषा नाही, त्यामुळे त्याच्या बाजूने बोलणारे कोणी उरत नाही, आणि हीच सोय त्याला मारणाऱ्यांना हवी असते.

प्रत्यक्षातल्या वैद्यकाला या कथेच्या सर्वांत जवळचा असा एक रोग ठाऊक आहे. अलर्क, म्हणजेच रेबीज. इथेही दंश आहे, लाळ आहे, मेंदूचा ताबा आहे, पाण्याच्या नुसत्या दर्शनाने येणारे आचके आहेत; आणि लक्षणे उमटल्यावर मृत्यू जवळजवळ अटळ आहे. तरीही एक मूलभूत फरक उरतो. दंश आणि लक्षणे यांच्यामध्ये अवधी असतो. बहुधा काही आठवड्यांचा ते काही महिन्यांचा. विषाणू मज्जातंतूंच्या वाटेने सावकाश मेंदूकडे सरकतो आणि तो पोहोचण्याआधी पुष्कळ काही करता येते. त्यातला पहिला उपचार इतका साधा आहे की त्याला उपचार म्हणण्याचा संकोच वाटावा : वाहत्या पाण्याखाली साबणाने सुमारे १५ मिनिटे जखम धुणे. साबणाने विषाणूचे स्निग्ध आवरण फुटते. त्यानंतर लस, आणि जखम खोल असल्यास प्रतिद्रव्याचे इंजेक्शन. जखमेत मिरची किंवा चुना भरण्याची खेड्यापाड्यांतली रीत मात्र घातक. तीही प्रथमोपचारच समजली जाते, ही त्यातली शोकांतिका.

लुई पाश्चर याने १८८५ साली झोझेफ मैस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला लस टोचली ती याच अवधीत. भारतात या उपचाराचे पहिले मोठे केंद्र चंदीगढहून दिसणाऱ्या डोंगरांतच उभे राहिले. १९०० साली कसौली येथे पाश्चर संस्था स्थापन झाली, आणि तिचे संचालक डेव्हिड सेंपल यांनी १९११ मध्ये तयार केलेली लस पुढे अनेक दशके देशभर वापरली गेली. ती वेदनादायक होती, क्वचित तिच्यामुळेच मज्जासंस्थेला इजा होई. आज तिची जागा अधिक निर्धोक लसींनी घेतली आहे. परंतु उत्तर भारतातून दंश झालेली माणसे डोंगर चढून कसौलीला जात, तेव्हा एक गोष्ट गृहीत धरलेली असे : दंश झालेला माणूस अजून माणूस आहे आणि त्याच्यासाठी घाई केली पाहिजे. झॉम्बीकथा हा अवधीच पुसून टाकते. प्रथमोपचार ज्या भूमीवर उभा राहतो तीच भूमी ती काढून घेते.

अवधी पुसण्याचा मोह केवळ कथाकारांना होतो असे नव्हे. २ एप्रिल २०२० रोजी पद्मश्री निर्मलसिंग खालसा हे सुवर्णमंदिराचे माजी हुजुरी रागी कोविडने निवर्तले. ज्यांच्या कीर्तनाला पंजाब कान देत असे, त्यांच्या देहाला अमृतसरजवळच्या वेरका येथे स्मशानाचे दार बंद झाले. अंत्यसंस्कार दुसरीकडे करावे लागले. त्याआधी काही दिवस बरेली येथे गावी परतणाऱ्या मजुरांना रस्त्यावर बसवून त्यांच्या अंगावर जंतुनाशक फवारले गेले होते. ज्या द्रावणाने लाकूड-लोखंड पुसायचे ते जिवंत कातडीवर पडले. फवारणारे दुष्ट होते असे मानण्याचे कारण नाही. भयाने त्यांच्या डोळ्यांपुढचा माणूस निव्वळ पृष्ठभाग झाला होता.

आता १८९७ च्या पुण्याकडे पाहिले तर दोन प्रकारची सिद्धता समोरासमोर दिसते. रँड यांच्या अधिपत्याखाली मार्च ते मे या काळात गोरे सैनिक घरोघर शिरले, रुग्ण शोधून छावण्यांत नेले गेले, सोवळेओवळे आणि स्त्रियांची लज्जा यांची पर्वा राहिली नाही. २२ जूनला गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकरांच्या गोळीने या प्रकरणाला रक्तरंजित वळण दिले. राष्ट्रीय इतिहासात या प्रसंगाचे वाचन जुलूम आणि प्रतिकार अशा जोडीने होते, व ते योग्यच आहे. पण वैद्यकाच्या अंगाने एक पुस्ती जोडावयास हवी. गाठीचा प्लेग मुख्यतः उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ याने कराचीत प्रयोगाने दाखविले ते १८९८ साली. पुण्यातली मोहीम त्याच्या आदल्या वर्षीची. पहारा माणसावर बसला, उंदीर मोकळा राहिला.

त्याच वर्षी पुण्याबाहेर सावित्रीबाई फुले आणि त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना चालविला. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तिथे आणले, असे त्यांच्या चरित्रांत सांगितले जाते. त्यांना प्लेगने गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. सैनिकांची घरझडती त्यानंतर थोड्याच दिवसांत रंगात आली. एकीकडे आजाऱ्याला शोधून काढणारा हात, दुसरीकडे त्याला उचलणारा. दोन्ही हातांना साथ आटोक्यात आणावयाची होती, हेही विसरता येत नाही.

इथे एक आक्षेप प्रामाणिकपणे विचारात घ्यावा लागतो. सावित्रीबाईंच्या मृत्यूला आदर्श मानणे म्हणजे वैद्यकाला आत्मबलिदान शिकविणे नव्हे काय? प्रथमोपचाराच्या कोणत्याही पाठात पहिला नियम असतो तो स्वतःच्या सुरक्षिततेचा : जागा निर्धोक आहे का ते पाहा, मगच पुढे व्हा. बुडणाऱ्याबरोबर बुडणारा कोणाच्याच उपयोगाचा नाही. हा नियम खराच आहे, आणि सेक्टर ३० भोवतीचा अडसरही त्याच न्यायाने समर्थनीय ठरतो. फक्त त्या नियमाचे उत्तरपद सुटता कामा नये. हातमोजे घालायचे ते हात लावता यावा म्हणून. हात लावावाच लागू नये म्हणून जे घातले जातात, ते दिसायला तसेच असले तरी वेगळे असतात. अडसराच्या आत दूध, औषध आणि विचारपूस पोहोचत असेल तर तो विलगीकरण आहे; ते थांबले की उरतो तो वेढा.

दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे. मोठ्या अपघातात सर्वांना वाचविता येत नाही. कोणाला आधी, कोणाला नंतर आणि कोणाला नाहीच, हे ठरवावे लागते. नेपोलियनच्या सैन्यातील शल्यविशारद लारे याने जखमींची प्रतवारी हुद्दा वा पक्ष न पाहता जखमेच्या गांभीर्यावरून केली. मग आशा सोडलेल्या माणसाची खूणचिठ्ठी आणि झॉम्बीवरचा शिक्का यांत अंतर ते काय? अंतर आहे, आणि ते कृतीतले आहे. प्रतवारीत माणसाकडे पुन्हापुन्हा परत यावे लागते, निर्णय बदलण्यास जागा ठेवावी लागते, वेदना शमविण्याचे काम चालू ठेवावे लागते. शिक्का मारणारा परत येत नाही. रोमेरोच्या चित्रपटाचा शेवट या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. सारी रात्र झुंजून तग धरलेला बेन हा कृष्णवर्णीय नायक सकाळी खिडकीशी येतो आणि बचावासाठी निघालेली टोळीच त्याला प्रेत समजून गोळी घालते. हाक मारून पाहण्याची गरज कोणालाच वाटत नाही. ते वर्ष अमेरिकेत मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येचे होते, हे ध्यानात घेतले तर त्या गोळीचा अर्थ आणखी गडद होतो.

तरीही अवधी संपलेला माणूस हा पेच उरतोच. अलर्काची लक्षणे उमटली, आता उपाय चालणार नाही, आणि रुग्ण आचक्यांत चावण्याचीही भीती आहे. कथेने रंगविलेली स्थिती इथे जवळजवळ शब्दशः खरी ठरते. अशा वेळी रुग्णालयात काय करतात ते पाहावे. खोली शांत आणि अंधारी ठेवतात, वाऱ्याची झुळूक अंगावर येऊ देत नाहीत, कारण तिनेही घशाला आचके बसतात. गुंगीची व वेदनाशामक औषधे देतात. शुश्रूषा करणाऱ्यांनी लस घेतलेली असते, हातांत मोजे, डोळ्यांवर चष्मा. मधल्या काही मिनिटांत रुग्ण पुष्कळदा पूर्ण शुद्धीवर असतो, नावानिशी माणसे ओळखतो, पाणी मागतो आणि ते पाहून घाबरतो. तेव्हा पेला दूर नेला जातो, शिरेतून पाणी सुरू ठेवले जाते आणि कोणीतरी खाटेशी बसून राहते.