मिटवलेलं

पहिली गाडी जुनीच घ्यावी, हात बसेपर्यंत चार ठिकाणी घासली तरी जीव हळहळत नाही. हे आमच्याकडं सगळेच म्हणतात. मीही कित्येकांना सांगितलंय. मुलाला अठरा पूर्ण झाली, शिकाऊ लायसन्स हातात आलं आणि घरात गाडीचा विषय निघाला, तेव्हा मी याच हिशेबानं दुकानातल्या बिलबुकाच्या पाठीमागं चार रकाने आखले: किंमत, ॲव्हरेज, किलोमीटर, पासिंग कधीचं. मुलानं कागद हातात घेतला, वाचला आणि शेवटी आणखी एक रकाना ओढून वर लिहिलं, ‘एबीएस’.

“हे कशाला?” मी विचारलं.

“पप्पा, त्या दिवशी मी ब्रेक दाबला होता. स्टिअरिंगपण उजवीकडं फिरवलं होतं. पण गाडी वळलीच नाही.”

कुठला दिवस, हे मला विचारावं लागलं नाही. दोन वर्षं त्या दिवसाबद्दल आमच्या घरात कुणी एक शब्द काढला नव्हता. मी समजत होतो की तो विषय मिटलाय. मीच मिटवला होता.

२०२४ चा फेब्रुवारी, रथसप्तमीच्या आधीचे दिवस. आई जवळच्या नांदे गावी नात्यातल्या घरी हळदीकुंकवाला गेली होती. दुकानात सिमेंटचा ट्रक खाली होत होता, मला हलता येत नव्हतं. मी खिळ्यावरची किल्ली काढून मुलाच्या हातात दिली. “आजीला घेऊन ये. जपून जा.” तो तेव्हा सोळा वर्षांचा होता. किल्ली त्यानं मागितली नव्हती, मी दिली. हे मुद्दाम लिहितोय, कारण पुढं कित्येक महिने मी मनात ही गोष्ट ‘पोरानं गाडी नेली’ अशी सांगत होतो.

अर्ध्या तासात फोन आला. मी मोटरसायकलवर पोचलो. वळणावर कुणाच्या तरी बांधकामाची खडी रस्त्यावर सांडली होती. आमची जुनी गाडी, २०११ ची, तिरकी थांबलेली. सायकलवरून कामावरून परतणारा एक मजूर कडेच्या ढिगाऱ्यावर बसला होता. डाव्या हातानं उजवं मनगट धरून. त्याचा स्टीलचा डबा उघडून पडला होता, खडीत भात सांडला होता. सायकलचं पुढचं चाक आठाच्या आकड्यासारखं झालं होतं.

आता जे लिहायचंय ते लिहायला मला दोन वर्षं लागली. मी पोचल्यावर आधी काय पाहिलं? गाडीचा डावा आरसा. तो फुटलाय की नुसता दुमडलाय, हे पाहिलं. मग आजूबाजूला नजर टाकली, कुणी मोबाइल काढलाय का. आणि त्यानंतर त्या माणसाकडं गेलो. तिसऱ्या नंबरला.

आई मागच्या सीटवर बसून होती. ती एवढंच म्हणाली, “त्याला पाणी तरी दे.” मी पाणी दिलं आणि पाचशेच्या चार नोटा दिल्या. त्यानं मोजल्या नाहीत, डाव्या हातानंच खिशात कोंबल्या, कारण उजवा हात उचलत नव्हता. दवाखान्यात चल, असं मी म्हणालो नाही. हात मोडला असेल हे मला दिसत होतं. पण डॉक्टरनं विचारलं असतं, कसं झालं, गाडी कुणाची, चालवत कोण होतं. सायकल मी उचलून कडेला लावली. आणि गाडीत बसल्यावर मुलाला म्हणालो, “कुणी विचारलं तर गाडी मी चालवत होतो.”

तीन महिन्यांनी, १९ मे च्या पहाटे, कल्याणीनगरला ते घडलं. सतरा वर्षांच्या मुलाच्या पोर्शेनं मोटरसायकलवरच्या दोघांना उडवलं. दोघंही चोवीस वर्षांचे इंजिनिअर, मध्य प्रदेशातून पुण्यात नोकरीला आलेले, एक मुलगा आणि एक मुलगी. त्याच दिवशी बाल न्याय मंडळानं मुलाला जामीन दिला, अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहायच्या अटीवर. सगळा महाराष्ट्र पेटला. मग रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली, आणि ड्रायव्हरनं गुन्हा आपल्या अंगावर घ्यावा म्हणून त्याला डांबून ठेवल्याचा गुन्हा मुलाच्या बापावर आणि आजोबावर दाखल झाला.

आमच्या दुकानासमोर सकाळी चहाला पाच-सहा जण जमतात. मी त्या आठवड्यात सगळ्यात मोठ्यानं बोलत होतो. पोरापेक्षा बाप गुन्हेगार, म्हणालो. असल्यांना पैशाची मस्ती असते, माणूस मेला तरी पाकीट काढतात, म्हणालो. मुलगा चहाचे ग्लास गोळा करत होता. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली. मला ती नजर तेव्हाच कळली होती. कळली म्हणूनच मी आणखी चढ्या आवाजात बोललो.

फरक आहे, असं मी स्वतःला पुष्कळ वेळा सांगितलंय. आमचा मुलगा प्यालेला नव्हता. वेग चाळीसच्या आसपास होता. कुणी मेलं नाही. पण तो माणूस मेला नाही, यात माझं कर्तृत्व काय? आरशाला सायकलचं हँडल लागलं. गाडी हातभर आणखी डावीकडं असती तर बंपर लागला असता. तो हातभर फरक मी ठेवला नव्हता, तो पडला. मी जे केलं ते आणि त्या घरावर ज्याचा आरोप झाला ते, दोन्ही एकाच जातीचं आहे. चालवणाऱ्याचं नाव बदलायचं आणि पैशानं तोंड बंद करायचं. माझ्याकडं दोन हजार होते म्हणून मी दोन हजार दिले.

कायदा काय आहे ते मी नंतर वाचलं. २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात १९९अ हे कलम आलं. अल्पवयीन मुलानं गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो, तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. सोळाव्या वर्षी चालतं ते फक्त पन्नास सीसीपर्यंतचं बिनगिअरचं दुचाकी वाहन. माझ्या मुलाला अठराव्या वर्षी शिकाऊ लायसन्स विनाअडथळा मिळालं, कारण एका माणसानं तक्रार केली नाही.

मी असा का वागलो, याची मी स्वतःला दिलेली कारणं आहेत. मी स्वतः बाराव्या वर्षी ट्रॅक्टर शिकलो. वडिलांच्या मांडीवर बसून स्टिअरिंग धरायचं, मग त्यांनी उतरून बांधावरून बघायचं. तेव्हा आमचं सूस गाव म्हणजे भाताची खाचरं, खिंडीपलीकडं पाषाण आणि रस्त्यावर तासाला एखादं वाहन. समोरून येणारा कोण, त्याचा बाप कोण, सगळं माहीत. आज त्याच रस्त्यावर रेडीमिक्सचे मिक्सर, पाण्याचे टँकर, डंपर आणि स्कूलबस आहेत. हिंजवडीला निघालेल्या पोरापोरींच्या दुचाक्या आहेत. ३० जून २०२१ ला गाव महापालिकेत गेलं. फूटपाथ बहुतेक ठिकाणी नाहीच, म्हणून डोक्यावर पाटी आणि कडेवर पोर घेतलेल्या बायका डांबराच्या कडेनं चालतात. जमिनी आम्ही विकल्या, त्यावर इमारती उभ्या राहिल्या, त्या उभारणारी माणसं या रस्त्यावर आली. माझं दुकानच त्या बांधकामांवर चालतं. तरी मनातून रस्ता आमचाच होता. गाव आपलं म्हणजे रस्ता आपला आणि पोलीसपण ओळखीचा. रस्त्याच्या कडेनं चालणारा माणूस माझ्या गावात राहतो, हे मी कधी धरलंच नाही.

आणि आणखी एक. मला ते आवडत होतं. पोरगं पंधराव्या वर्षी गाडी रिव्हर्स घेऊन दुकानासमोर बरोबर लावायचं, आणि कट्ट्यावरचे म्हणायचे, “लई सफाई आहे हातात.” चुलतभावानं त्याच्या मुलाला थार घेऊन दिली होती. मला थार परवडत नव्हती, तर मी पोराची सफाई मिरवत होतो.

त्या बिलबुकाच्या कागदावर वरची गाडी होती २०१६ ची अल्टो ८००. एजंटनं आणलेली, पांढरी, फर्स्ट ओनर, बासष्ट हजार पळालेली, मागणी २,१०,०००. एअरबॅग नाही, एबीएस नाही. खालची २०२० ची टियागो, ३,५५,०००. मी अल्टोवर बोट ठेवून बसलो होतो. ॲव्हरेज चांगलं, पार्ट कुठंही मिळतात, शिकताना ठोकलीच तर नुकसान कमी. ठोकली तर. हा शब्द मी किती सहज वापरत होतो. ठोकली तर कशाला? माझ्या डोक्यात भिंत होती, गेट होतं, विजेचा खांब होता. मुलाच्या डोक्यात माणूस होता.

एबीएस म्हणजे काय, हे मुलानंच मला समजावलं. माझं अर्धं आयुष्य गाड्यांत गेलं, पण मला ती अक्षरं फक्त जाहिरातीतली वाटत. ब्रेक जोरात दाबला की चाकं जाम होतात. जाम झालेलं चाक घसरतं, आणि घसरणाऱ्या चाकानं गाडी वळत नाही, स्टिअरिंग कितीही फिरवा. एबीएस चाकाला जाम होऊ देत नाही, क्षणाक्षणाला सोडतं आणि धरतं, त्यामुळं ब्रेक दाबलेला असतानाच गाडी बाजूला काढता येते. सुट्या खडीवर थांबायला अंतर थोडं जास्तही लागू शकतं, हेही त्यानं सांगितलं. “पण वळली असती,” तो म्हणाला. दोन वर्षं तो हे वाचत होता. मला वाटत होतं तो विसरला. आणि त्या दिवशी मी त्याला विचारलेला प्रश्न एकच होता: कुणी पाहिलं का? काय झालं, ब्रेक लागला का, तू घाबरलास का, यातलं काहीच नाही.

त्यानंच मला जुन्या गोष्टी दाखवल्या. २०१४ च्या जानेवारीत गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेनं आपल्याकडच्या पाच छोट्या गाड्या ताशी चौसष्ट किलोमीटरनं धडकवून पाहिल्या. अल्टो ८०० होती, नॅनोही होती. पाचांपैकी एकीलाही मोठ्यांच्या सुरक्षेसाठी एकही तारा मिळाला नाही. नॅनोचं मला फार वाटायचं. भर पावसात स्कूटरवर चाललेलं अख्खं कुटुंब पाहून रतन टाटांना सुचलेली गाडी, २००८ च्या जानेवारीत दाखवलेली, एक लाखाची. हेतू खरा होता, यावर माझा आजही विश्वास आहे. पण आम्ही घेणारे शोरूममध्ये एकच विचारायचो, ॲव्हरेज किती देते. आम्ही जे मागितलं नाही ते स्वस्त गाडीत आलं नाही. शेवटी कायद्यानं मागितलं. एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं, १ जुलै २०१९ पासून ड्रायव्हरची एअरबॅग आणि ऐंशीच्या पुढं गेलं की वाजणारी घंटी. म्हणून सेकंडहँड घेताना पासिंगच्या आधी गाडी बनली कधी ते बघायचं, २०१९ च्या जुलैनंतरची हवी. टियागोला जानेवारी २०२० मध्ये चार तारे मिळाले होते. एवढं सगळं त्या पोराला माहीत होतं आणि मला अल्टोच्या टायरची किंमत माहीत होती.

दोन्ही गाड्यांत १,४५,००० रुपयांचं अंतर. मी त्यावर दोन रात्री घासाघीस केली, एजंटशी नाही, स्वतःशी. सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी अठरा टक्क्यांवर आला, जुन्यांचे भाव आणखी उतरतील, थांबूया, असंही म्हणून पाहिलं. ही रक्कम मला जड होती हे खरं. पण अशक्य नव्हती. गेल्या वर्षी पुतण्याच्या लग्नात आहेर आणि मानपानात मी याहून जास्त घातले होते आणि एकदाही वही काढली नव्हती.

टियागो बघायला गेलो तेव्हा मुलगा शेजारी बसला, चालवायला मी. मोकळ्या रस्त्यावर, मागं-पुढं कुणी नाही हे दोनदा बघून, तो म्हणाला, “पप्पा, आता पूर्ण दाबा.” मी दाबला. पायाखाली पेडल थरथरलं, खडखड असा आवाज आला आणि गाडी सरळ उभी राहिली. “परत एकदा,” तो म्हणाला. तिसऱ्या वेळी त्यानं डोळे मिटले होते. सोळा वर्षांच्या पोराला मी कशाच्या हवाली करून आलो होतो, ते मला तेव्हा दिसलं.

गाडी घेतली. विम्याचा एजंट घरी आला आणि त्यानं नेहमीसारखं विचारलं, “फुल करायचा की नुसता थर्ड पार्टी?” हा शब्द मी वीस वर्षं ऐकतोय. दरवर्षी न चुकता हप्ता भरतोय. थर्ड पार्टी म्हणजे तोच, खडीच्या ढिगाऱ्यावर मनगट धरून बसलेला. त्याच्या नावानं मी पैसे भरत आलो, आणि तो समोर आला तेव्हा त्याला त्या पैशापर्यंत पोचू दिलं नाही. कागद पुढं गेला असता तर कंपनीनं त्याला देऊन माझ्याकडून वसूल केलं असतं. वसूल व्हायलाच हवं होतं. ज्याच्या मनगटावर त्याच्या घरची चूल पेटते, त्याचा किती महिन्यांचा रोजगार बुडाला असेल, हा हिशेब मी बिलबुकाच्या पाठीमागं कधी मांडला नाही.

त्या रात्री मी मुलाला म्हणालो, “त्या दिवशी तुला खोटं बोलायला लावलं, ते माझं चुकलं.” तो म्हणाला, “कुणी विचारलंच नाही, पप्पा.” थोड्या वेळानं म्हणाला, “मला वाटायचं, विचारावं कुणीतरी.”

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं त्या वळणाजवळच्या बांधकामावर गेलो. तेव्हा तिथं पत्र्याच्या खोल्यांची रांग होती, आता बागेची माती टाकलीय आणि मागं इमारतीत लोक राहायला आलेत. वॉचमननं विचारलं, “नाव काय त्याचं?” मी गप्प राहिलो. मग त्यानं विचारलं, कुठल्या गावचा, कुठल्या ठेकेदाराकडं. मला त्याचा चेहराही नीट आठवत नव्हता. हात आठवत होता. मी दुकानात येणाऱ्या तीन ठेकेदारांना विचारून ठेवलंय. दोन वर्षांपूर्वी हात मोडलेला, सायकलवाला. त्यातला एक म्हणाला, असे लई असतात, शेठ.

परतताना मुलगा गाडी चालवत होता. पुढं-मागं पांढऱ्या पट्टीवर लाल एल. मी शेजारी. वळण आलं तसा तो वीसवर आला. मागून मिक्सरनं हॉर्न धरला. एरवी मी म्हणालो असतो, अरे काढ पटकन. पुढं एक सायकल होती, कॅरिअरवर फावडं बांधलेलं. मुलगा तिच्यामागं तसाच चालत राहिला, रस्ता मोकळा झाल्यावर दुरून उजवीकडून पुढं गेला, आणि मग डाव्या आरशात बघत राहिला, सायकल मागं दिसेपर्यंत.