मनातला जातीचा रकाना

ठाण्याचे मध्यवर्ती कारागृह जुन्या किल्ल्यात आहे, कल्याणचे आधारवाडीत. भिंतीआड सारे कैदी सारखेच, असे बाहेरच्याला वाटते. पण अनेक राज्यांच्या तुरुंग-नियमावलीतच झाडलोट व मैलासफाई खालच्या मानलेल्या जातींकडे, तर स्वयंपाक वरच्या मानलेल्यांकडे, अशी वाटणी होती. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरविली. कैद्यांच्या नोंदवहीतील जातीचा रकानाही काढून टाकण्यास सांगितले.

वहीतला रकाना कायद्याने जाईल. मनातला कशाने जाईल?

शाक्य कुमार प्रव्रज्येस निघाले, तेव्हा उपाली न्हावी त्यांच्याबरोबर होता. कुमारांनीच विनंती केली की, त्याला आधी दीक्षा द्यावी. म्हणजे आम्ही त्याला वंदन करू आणि आमचा कुलाभिमान गळेल. भगवंतांनी तसेच केले. येथे नुसता उपदेश नाही, आचरण आहे.

तुरुंगातील नाटकाचे मोल हेच. अमेरिकेतील तुरुंगांत काळ्या लोकांचे प्रमाण त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने फार अधिक आहे. तेथे न्यूयॉर्क राज्यातील सिंग सिंग तुरुंगात १९९६ पासून कैदी नाटके करीत आले आहेत. पण काळ्याला नोकर आणि आपल्याकडे भटक्याला चोर, अशीच पात्रे वाटली, तर तो रंगमंच म्हणजे जातीचा दुसरा रकानाच होय. उद्या आपले तरुण आधारवाडीत नाटक बसवायला गेले, तर त्यांनी प्रथम विचारावे : राजा कोण आणि झाडूवाला कोण, हे आडनाव पाहून तर ठरले नाही ना? मुकुट आणि झाडू यांची अदलाबदल करावी. मात्र कोणावरही स्वतःचे दुःख लोकांपुढे वठवून दाखविण्याची सक्ती करू नये.

आता घराकडे पाहू. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले. तो कायदा १९५२ साली गेला. बंधुभगिनींनो, आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्या. तरी दाराशी पारधीण उभी राहिली की आपण घरातली भांडी मोजतो काय? तसे असेल तर आपण आपली जात टाकली, दुसऱ्याची जपून ठेवली.

बाबासाहेबांनी आपल्या धम्मग्रंथात अंगुलिमालाची कथा आवर्जून घातली. तो दरोडेखोर होता कर्माने, जन्माने नव्हे. म्हणूनच तो बदलला. माणूस जन्मानेच चोर असता, तर धम्माला करण्यासारखे काही उरलेच नसते.