पावली शिकवताना

उन्हाळ्याच्या सुट्या लागल्या की आमच्या जरीपटक्यात भिंतीभिंतीवर पाट्या लागतात. कुठे शिष्टाचार आणि व्यक्तिमत्त्व विकास, कुठे भरतनाट्यम्, कुठे आमच्यासारख्यांचे बालसंस्कार शिबिर. आमच्याकडे मुले हरिपाठ म्हणतात, टाळ धरायला आणि पावली खेळायला शिकतात. मागे एका पालकांनी मला सरळच विचारले, 'महाराज, मुलांना वाकायला आणि तालात पाय टाकायला शिकवायचे दिवस राहिले का? आणि असे वर्ग शेवटी ठरावीक घरच्या मुलांसाठीच असतात ना?' पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी तिथेच दिले. दुसऱ्याचे देता आले नाही. ते का, हे तुमच्याशी बोलायचे आहे.

रीतभात जुनी झाली असे कोण म्हणतो, ते आधी पाहा. ज्याला ती घरच्या ओसरीवर फुकट मिळाली, तो. चार माणसांत कसे बसावे, पंगतीत कधी उठावे, वडीलधाऱ्यांशी कोणत्या शब्दांत बोलावे, हे त्याला कुणी शिकवल्याचे आठवतही नाही. पण ज्या मुलाचे आईवडील दोघेही उजाडताच कामावर जातात, त्याला हे कुणीतरी बसवून शिकवावे लागते. पुढे कचेरीत, मुलाखतीत जग त्याला याच गोष्टींवरून जोखणार असते. म्हणून असे वर्गच नकोत म्हणणे मला भरल्या पोटाचा उपदेश वाटतो.

मात्र रीत शिकवायची ती कुणाची? जरीपटक्यात फाळणीनंतर सिंधमधून आलेली पुष्कळ कुटुंबे वसली. त्यांच्या घरी पाहुणा गेला की आधी पाणी आणि पापड पुढे येतो. आमच्या मराठी घरात 'या जी, बसा जी' होते. हाही शिष्टाचारच. पण यांतलेच एखादे मूल वर्गात जाते, 'काहून' म्हटले म्हणून हसू करून घेते, काटा-चमचा धरायला शिकते आणि संध्याकाळी घरी येऊन आईला टोकते. ते मूल चारचौघांत वागायला शिकले खरे, पण त्याच फीमध्ये आईची लाज वाटायलाही शिकले.

नाचाचेही तसेच आहे. आज आपल्या मुली मानाने भरतनाट्यम् शिकतात, ते तमिळ मुलखात सदिर या नावाने देवदासी घराण्यांतील स्त्रियांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले होते. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी १९३६ मध्ये मद्रासला कलाक्षेत्र उभारले, त्या काळात हा नाच प्रतिष्ठित घरांत आला. चांगलेच झाले. पण ज्या घराण्यांनी तो जपला, त्यांतल्या पुष्कळ मुलींना त्या नव्या रंगमंचावर जागा मिळाली नाही.

आपले वेगळे, असे तुम्ही म्हणाल. मीही म्हणत असे. वारीतला नमस्कार एकतर्फी नसतो. पिकल्या केसांचे माळकरी नातवाच्या वयाच्या टाळकऱ्याला 'माउली' म्हणून त्याच्या पायांशी वाकतात. पावलीला प्रेक्षक लागत नाहीत. समोरासमोर दोन रांगा, मध्ये विणेकरी. नवख्याला दोन जाणत्यांच्या मध्ये उभे करायचे आणि त्याने शेजारच्याचे पाय पाहत शिकायचे. चुकला तर धक्का लागतो, हसू येते, पुन्हा ताल सापडतो. याहून मोकळा वर्ग कोणता?

तर त्या मोकळ्या वर्गात मी काय केले ते ऐका. एकादशीच्या कार्यक्रमासाठी मी सांगितले, मुलांनी पांढरा सदरा-पायजमा आणि टोपी, मुलींनी नऊवारी. शोभून दिसेल, एवढाच विचार. पावली सर्वांत नेटकी खेळणारी जी मुलगी होती, ती दुसऱ्या दिवसापासून आली नाही. मला ते आठ दिवसांनी लक्षात आले, हे आणखी वाईट. तिची आई चार घरची धुणीभांडी करते. बाजारात भेटली तेव्हा म्हणाली, 'लुगडं भाड्याने आणायचं म्हटलं तर पैसे लागतात जी. ती म्हणे, मी येतच नाही.' मी कुणाला 'येऊ नको' म्हटले नव्हते. माझ्या नियमात कुणाचे नाव नव्हते. जात नव्हती, फी नव्हती. तरी एक पोर बाहेर राहिली, आणि तिनेच स्वतःला बाहेर ठेवले असे म्हणायची सोय माझ्याकडे उरली.

तेव्हापासून चोखोबा मनातून हलत नाहीत. त्यांची समाधी महाद्वाराबाहेर, नामदेव पायरीजवळ आहे. आपण सारे तिथे डोके टेकवतो. वाळवंटात शतकानुशतके आपण एकमेकांच्या पाया पडत होतो, समतेची कीर्तने करत होतो, आणि तरी चोखोबांच्या लेकरांसाठी ते दार उघडावे म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये पंढरपुरात प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. वाकण्याची रीत खोटी नव्हती. मला वाटते, आपण सुंदर वाकतो याच समाधानात दाराकडे पाहायचे राहून गेले. लुगड्याची गोष्ट त्यापुढे फार लहान आहे, हे मला कळते. दोन्हींची तुलना करू नये, असे कुणी म्हणाले तर मी वाद घालणार नाही. पण न पाहण्याची खोड तीच.

काही जण सुचवतात की मग कपड्याचा नियम ठेवा आणि गरिबांना कपडे वाटा. तेही करून पाहिले. वाटलेला कपडा घालून उभे राहिलेले मूल रांगेत ओळखू येते, आणि ते त्याला माहीत असते. आता ज्याने जे घातले असेल त्यात ते खेळते. धापेवाड्याच्या आषाढी यात्रेला आम्ही जातो तेव्हा फोटोत आमची दिंडी जरा अस्ताव्यस्त दिसते, अशी तक्रार पालकांकडून येते.

ती मुलगी परत आली नाही. तिच्या घरी जाऊन मी चूक कबूल केली. आई म्हणाली, 'आता ती सातवीत गेली, शिकवणी असते जी.' खरेही असेल. पुढच्या शनिवारी हरिपाठ सुरू होता होता तिचा धाकटा भाऊ एकटाच दारात येऊन उभा राहिला. 'चपला कुठे ठेवू?' एवढेच त्याने विचारले.