फोन लागतो तो मराठीतच

खामगावच्या बसस्थानकावर कुणीतरी मोबाइल कानाला दाबून वैतागलेला असतो: ‘‘लागूनच नाई राह्यला बाप्पा, रेंज नाई!’’ एवढ्या बोलण्यात इंग्रजी शब्द एकच, आणि तोही इंग्रजाला नीटसा उमगणार नाही. त्याच्याकडे रेंज म्हणजे पल्ला. आपली रेंज लाइटीसारखी येते, जाते, कधी गच्चीवर सापडते.

पारिभाषिक शब्दांचा विषय निघाला की आपल्याकडे भांडण होतं ते नामांवरून. ‘दूरध्वनी’ म्हणावं की टेलिफोन, ‘भ्रमणध्वनी’ म्हणावं की मोबाइल? दूरध्वनी हा शब्द सावरकरांच्या नावावर सांगितला जातो. 1960 साली राज्याबरोबर भाषा संचालनालयही आलं आणि शास्त्राशास्त्राचे परिभाषा कोश तयार झाले. त्या कामाची टर उडवणाऱ्यांतला मी नाही. दूरध्वनी हा शब्द तर मला चांगला घडीव वाटतो. पण ‘भ्रमणध्वनी’ लग्नपत्रिकेत छापणारा माणूस पत्रिका देताना ‘मोबाइल करा’ म्हणतो. कोशांनी नामं मोजली. भाषा मात्र क्रियापदांत राहते.

‘तार’ हा शब्द कुठल्या समितीने घडवला नाही. 1870 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयोने खामगावच्या रेल्वेफाट्याचं उद्घाटन केलं. त्याच वर्षी मुंबई समुद्राखालच्या तारेने इंग्लंडशी जोडली गेली. वऱ्हाडातल्या कापसाचं नशीब लिव्हरपूलच्या भावाशी आणखी घट्ट बांधलं गेलं. लोकांनी खांबावरचा धातूचा धागा पाहिला आणि निरोपालाही तेच नाव देऊन टाकलं. मग तार करायची, तार यायची; आणि ‘तार आली’ एवढं म्हटलं की कागद उघडायच्या आत घरात रडारड. जुलै 2013 मध्ये ती सेवा बंद झाली. आता तार उरली ती कुंपणाला.

एसटीडीची गंमत वेगळी. त्या तीन अक्षरांचा विस्तार विचारला असता तर निम्मं गाव गप्प बसलं असतं. तरी ‘एसटीडीवर जाऊन येतो’ हे सगळ्यांना कळायचं, कारण तोवर ते दुकानाचं नाव झालं होतं. बुलडाण्याचा 07262, खामगावचा 07263 हे आकडे अनेकांना अजून पाठ आहेत. त्या काळात नंबर ‘फिरवायचे’. चकती गेली, बटणं आली, आता काचेवर नुसतं बोट टेकवतात. माझ्या पिढीचा माणूस मात्र अजून नंबर फिरवतोच. आणि उचलायला-ठेवायला रिसीव्हर नसला तरी ‘चल, ठेवतो’ म्हणूनच बोलणं संपवतो.

‘मिस कॉल’ तर अस्सल आपला. मूळ इंग्रजीत चुकतो तो ऐकणारा. आपण त्याला ‘देणे’ जोडलं आणि चूक उरलीच नाही. ठरवून, मोजून दोन घंट्या वाजवण्याची ती देवाणघेवाण झाली. मिनिटाला पैसे मोजण्याच्या दिवसांत ‘पोचलो की मिस कॉल देतो’ हे पूर्ण वाक्य होतं, आणि फुकटही.

या सगळ्यांत थोर क्रियापद ‘लावणे’. आपण दिवा लावतो, कडी लावतो, रोप लावतो, तसाच फोन लावतो. शेतात मोटरही लावतो. रात्रीच्या विजेवर हरभऱ्याला पाणी द्यायचं तर पूर्वी काळोखात, साप-विंचवातून विहिरीवर जावं लागे. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी मोबाइलवरून पंप सुरू करणारं ‘नॅनो गणेश’ बनवलं. तशी यंत्रं आता शेतांवर दिसतात. खाटेवर बसूनच फोन लावायचा, की तिकडे मोटर लागते. यंत्राच्या माहितीपत्रकात इंग्रजी कितीही असो, आतल्या खोलीतून विचारणा होते ती एकाच शब्दाच्या जोरावर: ‘‘लागली काय?’’