निकाली निघाले ते काय?

कुस्ती निकाली होते तेव्हा एकाची पाठ मातीला लागलेली सगळ्या फडाला दिसते. अर्ज निकाली निघतो तेव्हा तसे काही दिसत नाही. धाराशिव जिल्ह्याच्या आठही तालुक्यांत घरकुलाच्या तक्रारीची वाट साधारण एकच. लोहारा तालुक्यातल्या एखाद्या बाईने हप्ता अडला म्हणून जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज दिला, की त्यावर आवक शिक्का पडतो. तिथून तो जिल्हा परिषदेकडे, मग ग्रामीण विकास यंत्रणेकडे, मग गटविकास अधिकाऱ्यांकडे, आणि शेवटी ‘चौकशी करून अहवाल सादर करावा’ एवढा शेरा घेऊन नेमक्या त्याच ग्रामपंचायतीच्या टेबलावर येतो, जिच्या कारभाराबद्दल तो असतो. अहवाल त्याच पायऱ्या उलट चढून वर जातो. बाईच्या हाती पत्र पडते, की आपला अर्ज नियमानुसार निकाली काढण्यात आला आहे. पत्र वाचून ती वर पाहते, तर भिंती लिंटेलपर्यंत आणि वर आभाळ.

ग्रामीण भागासाठीची प्रधानमंत्री आवास योजना २०१६ साली आली. सपाट भागात घरामागे १ लाख २० हजार रुपये, तेही हप्त्याहप्त्याने आणि बांधकामाचा फोटो चढवल्यावर. या योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत तक्रारींबद्दल मोठी नेमकी तरतूद आहे. ग्रामपंचायतीपासून राज्यापर्यंत प्रत्येक पातळीवर जबाबदार अधिकारी नेमायचा, तक्रार १५ दिवसांत सोडवायची, आणि ती सोडवायची कशी, तर तक्रारदाराचे समाधान होईल अशी. यातले १५ दिवस सगळ्यांच्या लक्षात राहिले, समाधान मात्र कागदातच राहून गेले. कारण उघड आहे. दिवस मोजता येतात. आढावा बैठकीत विचारला जातो तो प्रलंबित अर्जांचा आकडा, आणि जे मोजले जाते तेच केले जाते. त्यावर कडी म्हणजे लोकशाही दिनाची अट. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकाऱ्यांपुढे थेट गाऱ्हाणे मांडायची ही चांगली सोय. पण ज्या प्रकरणात अंतिम उत्तर दिले गेले आहे, ते तिथे स्वीकारले जात नाही. म्हणजे खालून आलेले चुकीचे उत्तर एकदा ‘अंतिम’ ठरले, की वरचे दार आपोआप लागते. उत्तर देणारा आणि कडी घालणारा एकच.

माझे म्हणणे एवढेच आहे, की तक्रार संपली हे ठरवण्याचा अधिकार तक्रार ज्याच्याविरुद्ध आहे त्याच्याकडे असता कामा नये. ती संपली की नाही, हे आधी तक्रारदाराला विचारले पाहिजे; आणि तो ‘नाही’ म्हणाला, तर ज्याचा त्या गावाच्या कारभाराशी संबंध नाही अशा माणसाने जागेवर जाऊन पाहिले पाहिजे. न्यायाचे हे अगदी प्राथमिक तत्त्व आहे, चावडीवरसुद्धा पाळले जाणारे.

यावर कार्यालयांतून पहिला आक्षेप येतो, की निम्म्या तक्रारी भावकीतून आणि गावकीतून येतात. शेजाऱ्याचे घरकुल मंजूर झाले, की त्याचा बंगला आहे असा अर्ज पडतो. हे खरे आहे, आणि ते नाकारण्यात प्रामाणिकपणा नाही. पण खोटी तक्रार उघडी पडते ती जागेवरच, टेबलावर कधीच नाही. तेर हे गोरोबाकाकांचे गाव याच जिल्ह्यात. मडके कच्चे की पक्के हे कळायला थापटी मारूनच पाहावी लागते, हे इथे वेगळे सांगायला नको. बसल्या जागी लिहिलेला अहवाल खरी तक्रार मारतो आणि खोटीला जीवदान देतो, कारण दोघींनाही एकच ठरावीक वाक्य मिळते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. उद्दिष्टच तेवढे आलेले नसेल, गावठाणात जागाच नसेल, एका ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे दोन-तीन गावे असतील, तर समाधान आणायचे कुठून? मान्य. सगळ्यांना घर देणे त्या टेबलाच्या हातात नाही. पण खरे सांगणे आहे. ‘यादीत तुमचा क्रमांक अमुक आहे, यंदाचे उद्दिष्ट अमुक आहे, म्हणून यंदा होणार नाही’ हे कटू असले तरी उत्तर आहे. ‘नियमानुसार कार्यवाही करण्यात येईल’ या वाक्यात मात्र माणसाला धरायला काहीच सापडत नाही. शिवाय नियमाने बरोबर असलेले उत्तरही अन्यायाचे असू शकते. दारात मोटारसायकल किंवा घरात फ्रीज असला, की कुटुंब घरकुलाला अपात्र, असा निकष होता. पाच मैलांवर मजुरीला जाणाऱ्याची जुनी गाडीही त्यात मोजली जायची. २०२४ मध्ये हे निकष काढून टाकले गेले. आधी ज्यांचे अर्ज ‘नियमानुसार’ दप्तरी दाखल झाले, त्यांची तक्रार मुळात रास्त होती, हे शासनानेच मान्य केल्यासारखे झाले. एकेक अर्ज सुटा सुटा निकाली काढला, तर नियमच चुकतो आहे हे कुणाच्या नजरेला येणार?

पैसा आणि यंत्रणा असली की हे आपोआप सुधारते, असेही नाही. इंग्लंडमध्ये सामाजिक घरांच्या तक्रारींसाठी स्वतंत्र लोकपाल आहे. तरीही रॉचडेलमध्ये घरातल्या बुरशीने २०२० साली दोन वर्षांचे मूल दगावले. बापाने २०१७ सालीच तक्रार केली होती. वरून रंग मारा, असे उत्तर मिळाले होते. त्या मुलाच्या नावाने पुढे कायदा करावा लागला.

आणि आपल्याच जिल्ह्यात याच्या उलटही घडलेले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यांतली बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली. पण त्याहून मोठे काम होते सुमारे दोन लाख घरांच्या दुरुस्ती-मजबुतीकरणाचे. घरमालकाने स्वतः काम करून घ्यायचे, हप्ते बँकेत जमा व्हायचे, अभियंत्याने तपासायचे. काम रेंगाळले, कारण लोकांना हक्क माहीत नव्हते आणि अभियंत्यांना लोकांची अडचण. तेव्हा स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या साहाय्याने हजाराहून जास्त गावांत महिला मंडळातल्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमले गेले. घरोघरी जाऊन हप्ता का अडला हे विचारायचे, बांधकाम पाहायचे, आणि गाऱ्हाणे अभियंत्यासमोर मांडायचे, हे त्यांचे काम. त्यांतल्या कितीतरी जणी तोवर उंबऱ्याबाहेर बोललेल्या नव्हत्या. विचारणारी बाई त्याच गल्लीतली असल्याने तक्रार ‘संपली’ असे कागदावर लिहून भागत नसे. दुसऱ्या दिवशी पाण्याला जाताना ते घर तिला पुन्हा दिसायचेच.

असे घरी येऊन विचारणारे माणूस पुन्हा नेमले जाईल तेव्हा जाईल; तोवर ज्यांचे घरकुल अडले आहे त्यांनी एक करावे. लोकशाही दिनाचा अर्ज पंधरा दिवस आधी, विहित नमुन्यात, दोन प्रतींत द्यावा लागतो. तो द्या, आणि पोच हातात पडल्याशिवाय टेबलापासून हलू नका. निकालाचे पत्र आले, की जागेवर कोण आले होते आणि कोणत्या तारखेला, हे माहितीच्या अधिकारात लेखी मागा.