मित्र निवडावा की मित्र व्हावे?

बडनेरा स्टेशनवर गाडीची वाट पाहताना पुतण्याचा मुलगा म्हणाला, "आजोबा, पुण्यात दोन वर्षं झाली, पण सुटीच्या दिवशी बोलायला कोणी नाही जी. मोबाइलवर मित्र जुळवणारी ॲपं निघाली आहेत. कोणतं घेऊ?" मला हसू आले नाही. जगात दर ६ माणसांमागे १ एकाकी आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ साली सांगितलेच आहे.

सज्जनहो, ॲप म्हणजे गाठ घालणारा मध्यस्थ. तो पारखावा त्याच्या रीतीवरून. 'बंबल फॉर फ्रेंड्स' हे २०२३ साली वेगळे निघालेले ॲप; त्यात एकेकाचा फोटो पाहून बोटाने पसंत-नापसंत करायचे. 'मीटअप' २००२ साली न्यूयॉर्कमध्ये निघाले. आदल्या वर्षीच्या हल्ल्यानंतर शेजारी शेजाऱ्याची विचारपूस करू लागले, त्यातून ती कल्पना सुचली. तेथे माणूस नव्हे, काम निवडायचे: टेकडी चढणे, पुस्तक वाचणे. ठरल्या वेळी जो येईल तो सोबती.

लाजऱ्या माणसाला एकेकट्याशी बोलणे सोपे जाते. त्याने पहिली रीत धरली तर दोष नाही, अधिकारभेद आहेच. परंतु बाजारात वांगी निवडावीत तशी माणसे निवडण्याची बोटाला सवय लागली, की मनही तसेच होते. पतंजलींनी चित्त प्रसन्न करणाऱ्या चार भावनांत मैत्री पहिली सांगितली. भावना म्हणजे आपण करायची गोष्ट; ती आयती मिळत नाही.

दिंडीत शेजारी कोण चालणार, हे आपण कोठे निवडतो? माझ्या शेजारचा टाळकरी पहिल्या वर्षी मला मुळीच आवडला नव्हता. बेसूर, त्यात बोलघेवडा! तिसऱ्या वर्षी माझ्या पायाला फोड आले, तेव्हा माझी पडशी त्यानेच वाहिली. फोटो पाहून निवडायचे असते, तर मी त्याला केव्हाच बाजूला सारले असते.

म्हणून पोराला म्हटले, "त्याच ठिकाणी, त्याच माणसांत पुनःपुन्हा नेईल ते ॲप घे; नुसतं पाहत बसवील ते नको. पहिली भेट चारचौघांत घे. ओळख होताच पैसे मागेल त्याला दुरूनच रामराम. आणि तिथं कोपऱ्यात कोणी एकटा बसलेला दिसला, तर आधी त्याच्याजवळ जा. तोही कोणाला तरी विचारूनच आला असेल."

इतक्यात गाडी आली.