जुनं ओव्हरलॉक कुणाचं?

वारीच्या वाटेवर निमगाव केतकीत तुकोबांची पालखी मुक्कामाला असते. याच वारकरी परंपरेतले संत नामदेव शिंपी कुळातले. या परंपरेत हातातलं काम आणि भक्ती एकाच धाग्यात येतात. मग जुनं ओव्हरलॉक मशीन विकत घेतलं, की ते आपलं झालं का?

पैशांनी ताबा मिळतो. मालकी शिकून मिळवावी लागते.

तीन दोऱ्यांच्या मशीनमध्ये साधारणपणे आधी वरचा लूपर ओवायचा, मग खालचा, शेवटी सुई. क्रम चुकला तर दोरा तुटू शकतो. १९२४मध्ये यंत्रांच्या हव्यासाला विरोध करतानाही गांधीजींनी शिलाई मशीनला अपवाद मानलं, कारण त्यामागे माणसाचे कष्ट हलके करण्याचं प्रेम होतं. तेच प्रेम शिकणाऱ्यानेही दाखवावं: आधी तेल घालावं, चिंधीवर टाका तपासावा, मगच गिऱ्हाइकाचं कापड हाती घ्यावं.